गावाला सांगितलं, स्वयंपाकघर राहिलं

सन्माननीय अध्यक्ष, आमचे नगराध्यक्ष श्री. ड्वेन क्रेमर, व्यासपीठावरचे फादर लायनस आणि आपल्या नव्या शेरीफ श्रीमती ओलिंगर, आजच्या सत्कारमूर्ती, सेंट लिओबा पोलीस खात्याच्या डिटेक्टिव्ह सार्जंट जोलीन हॉगस्टाड, त्यांचे यजमान रॉजर, ज्यांनी आज चक्क टाय बांधला आहे, आणि नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेपासून बसत आलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

थोडक्यात बोला, असं अध्यक्षांनी मला पायऱ्या उतरतानाच बजावलं आहे. मी बेनेडिक्टाइन सिस्टरांच्या शाळेत शिकले. तिथे आम्हाला पाठ ताठ ठेवायला आणि वाक्य पूर्ण करायला शिकवलं. थोडक्यात बोलायला कुणी शिकवलं नाही. तेव्हा अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं तरी चालेल, मला कळावं म्हणून खोकू नये.

शेरीफबाई नवीन आहेत, म्हणून माझी ओळख. मी मार्लिस थाइसेन. चर्चखालच्या या हॉलचं स्वयंपाकघर बरीच वर्षं माझ्याकडे आहे. लग्न असो, मयत असो, बाप्तिस्मा असो, कॉफी आमची. आणि जोलीनच्या सभा असल्या तरी कॉफी आमचीच. त्या सभांबद्दलच आज बोलायचं आहे, कारण जोलीनने चोरीला गेलेल्या बर्फगाड्या शोधल्या, हरवलेले आजोबा शोधले, हे सगळं अध्यक्ष त्यांच्या भाषणात सांगणार आहेत. मला त्यांच्या ताटातलं उचलायचं नाही.

आपल्या मिनेसोटात कायदा आहे. लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून कुणी सुटला, आणि तो पुन्हा तसंच करण्याचा धोका सगळ्यात जास्त आहे असं राज्याने ठरवलेलं असलं, तर तो जिथे राहायला जाणार तिथल्या लोकांना पोलिसांनी बोलावून सांगायचं. चेहरा दाखवायचा, गावाच्या कुठल्या भागात राहणार ते सांगायचं, त्याने काय केलं होतं तेही सांगायचं. घर क्रमांक सांगायचा नाही. आता मला सांगा, हे काम कोण मागून घेईल? लोकांना जमवून जगातली सगळ्यात नकोशी बातमी द्यायची आणि शेवटी म्हणायचं, कॉफी मागे आहे, वड्या संपवून जा.

जोलीनने मागून घेतलं. का, ते तिने कधी सांगितलं नाही, आणि आम्ही आपल्या गावाच्या पद्धतीप्रमाणे कधी विचारलं नाही.

तिची पहिली सभा मला आठवते. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात नव्हते, हात भाजला होता म्हणून बाहेर बसले होते. जोलीनने सगळं सांगून झाल्यावर विचारलं, “काही प्रश्न?” आता आपल्या गावात पहिला प्रश्न विचारणं म्हणजे पुढाकार घेणं, आणि पुढाकार घेणं म्हणजे स्वतःला शहाणं समजणं. त्यामुळे कुणी तोंड उघडेना. दुसरा कुणी अधिकारी असता तर दिवे मालवून घरी गेला असता. जोलीन तशीच उभी राहिली. ती पडली नॉर्वेजियन ल्युथरन. गप्प राहण्यात तिच्यापुढे आम्ही जर्मन कॅथलिक काय टिकणार? शेवटी आमचा लायल, हो, पशुखाद्याच्या दुकानाचा, हात वर करून म्हणाला, “त्या माणसाला मासेमारीचा परवाना मिळतो का?”

हॉल हसला. जोलीन हसली नाही. म्हणाली, “मिळतो. कुठल्या तळ्यावर जायचं नाही हे त्याला सांगितलेलं आहे. तुम्हाला कुठल्या तळ्याची काळजी वाटते?” आणि लायलने तळ्याचं नाव सांगितलं, कारण तिथे त्याच्या पुतण्या पोहायला जातात. मग हात वर होतच राहिले. तेव्हा तिने म्हटलेलं वाक्य मी आजवर विसरले नाही: “भीती तुम्ही घरून घेऊन आला आहात. ती माझ्याकडे ठेवा आणि माहिती घेऊन जा.”

तुम्ही म्हणाल, हे सगळं नवीन फॅड आहे, आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं. कसं नव्हतं? होतं की. आमच्या सिस्टर अडेलगुंडा शाळा सुटताना दारात उभ्या राहायच्या. उंच, बारीक, हातात ती घंटा. म्हणायच्या, “मुलींनो, चर्चच्या बाजूने घरी जायचं. क्रीमरीच्या बाजूने नाही.” का, सिस्टर? “मी सांगते म्हणून.” झाली सूचना. आम्ही आपसात कारणं शोधायचो. कुणी म्हणायची तिकडे पिसाळलेलं कुत्रं आहे. एकीने तर सांगितलं, तिकडे ल्युथरन राहतात. जोलीन, माफ कर.

गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला खरं कारण माहीत होतं. क्रीमरीत, म्हणजे दूध-लोण्याच्या कारखान्यात, लोणी आणायला गेलेली बाईसुद्धा मुलीला दारात ठेवायची नाही, हात धरून आत न्यायची. पण मुलींना कुणी सांगितलं नाही. आमच्या वर्गातली एक मुलगी, तिचं नाव घेत नाही, पाऊस आला म्हणून जवळच्या वाटेने पळाली. तिची जागा मग पुष्कळ दिवस रिकामी होती. गोवर आला आहे, असं आम्हाला सांगितलं. आम्ही तिच्यासाठी चित्रं काढली, फुलं, ससे. नंतर ते कुटुंब गाव सोडून गेलं. तो माणूस इथेच राहिला, म्हातारा झाला, आणि त्याच्या मयताची कॉफीसुद्धा या स्वयंपाकघरातूनच गेली.

सिस्टरांवर माझा राग नाही. त्या घंटा वाजवून आम्हाला जीव लावायच्या. त्यांच्याकडे माया होती, शब्द नव्हते. ते शब्द या गावात जोलीनने आणले, तेही माइक लावून.

असो. आता मूळ गोष्टीकडे येते. ही गोष्ट मी अर्डिस फोग्ट आणि तिची सून केंड्रा, दोघींना विचारून सांगते आहे. अर्डिस म्हणाली, “सांग, पण माझ्या हॉटडिशला नावं ठेवू नकोस.” ठेवणार नाही.

गेल्या ऑक्टोबरात, मका कापणीला आला होता तेव्हा, जोलीनने सभा घेतली. हॉल भरलेला. आम्ही चौघी आत, कॉफीवर. आणि आपल्या स्वयंपाकघराची ती सरकती खिडकी बंद, कारण कॉफीचं मोठं भांडं उकळायला लागलं की माइकमध्ये असं वाटतं की म्हैस पाणी पिते आहे. फादरांनीच ती बंद करायला सांगितली होती. त्यामुळे हॉलमध्ये सगळं गाव सावध होत होतं, तेव्हा आम्हाला ऐकू आलं ते फक्त गुडगुड गुडगुड. मग खुर्च्या सरकल्या, आम्ही कप भरले, वड्या वाढल्या, आणि लोक आमच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारून घरी गेले. त्यांना वाटलं, आम्हाला कळलंच असणार.

आम्हा तिघींना कळलंही. घरी गेल्यावर नवऱ्यांनी सांगितलं. माझ्या नवऱ्याने तर सांगता सांगता झोपही काढली. पण अर्डिसचा हॅरॉल्ड जाऊन आता काही वर्षं झाली. तिला घरी सांगणारं कुणी नव्हतं.

आणि आपली रीत तर तुम्हाला माहीत आहे. गावात नवीन बिऱ्हाड आलं की हॉटडिश जाते. खाली खिमा, मध्ये सूप, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे, भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव. भांडं परत येतं तेव्हा ते रिकामं नसतं, आणि तिथून ओळख सुरू होते. पाळी अर्डिसची होती. पोस्टात कुणीतरी म्हणालं, सहाव्या रस्त्यावरच्या निळ्या घराच्या माडीवर एकटा माणूस आला आहे. अर्डिसला वाटलं, बिचारा, एकटाच.

शनिवार होता. केंड्रा नर्स आहे, शनिवारी तिची पाळी असते, म्हणून ब्रिटा आजीकडे; पोहायलाही आजीच न्यायची. ब्रिटा आठ वर्षांची. आजीच्या हातात हॉटडिश, नातीच्या हातात काकडीच्या लोणच्याची बरणी, अशा दोघी बाहेरचा जिना चढून वर गेल्या. अर्डिसने कोपराने दार वाजवलं. काचेतून माणूस दिसला. दार उघडलं नाही.

“बाई, मुलीला घेऊन खाली जा,” तो आतून म्हणाला. “मला दार उघडता येणार नाही.”

“अहो, नुसती हॉटडिश आहे,” अर्डिस म्हणाली. “गरम आहे. माझा हात भाजतोय.”

“मेहरबानी करून जा. हवं तर पोलिसांना विचारा.”

अर्डिस हॉटडिश पायरीवर ठेवून, नाक वर करून, तडक माझ्याकडे आली. मी मटार सोलत होते. ब्रिटाने लोणचं परत आणलं होतं. ती म्हणाली, त्या काकांना पाहुणे आवडत नाहीत.

“मार्लिस, असला उद्धट माणूस मी जन्मात पाहिला नाही. धन्यवाद नाही, काही नाही. वर मला म्हणतो पोलिसांना विचारा. बटाट्याचे गोळे घालणं आता गुन्हा झाला का?”

“कुठलं घर, अर्डिस?”

“निळं. सहाव्या रस्त्यावरचं.”

मी ब्रिटाला मांजराची पिल्लं बघायला गोठ्यात पाठवलं. मग अर्डिसला खुर्ची दिली. आधी खुर्ची, मग बातमी, हे मी जोलीनकडून शिकले आहे.

त्या माणसाला लहान मुलांच्या जवळ जायची मनाई होती. त्याने तेवढ्यात स्वतःच आपल्या देखरेख अधिकाऱ्याला फोन करून काय झालं ते सांगितलं होतं. त्यामुळे आम्ही जोलीनला फोन लावतो न लावतो तोच तिची गाडी माझ्या अंगणात. ती आधी ब्रिटाजवळ बसली, मग अर्डिसजवळ. आणि मग केंड्राला सांगायला स्वतः दवाखान्यात गेली.

केंड्रा ॲरिझोनाची आहे. तिकडची माणसं रागावली की रागावतात. आपण रागावलो की ‘बरं’ म्हणतो आणि वीस वर्षं धरून ठेवतो. संध्याकाळी ती आली, ब्रिटाचा कोट घेतला आणि म्हणाली, “अर्डिस, यापुढे ही तुमच्याबरोबर एकटी कुठेही जाणार नाही. कुठेही नाही.”

अर्डिस म्हणाली, “बरं.”

तिला रडूसुद्धा आलं नाही. घरी जाऊन तिने ब्रिटाच्या पोहण्याच्या चपला धुतल्या आणि वाळत घातल्या. तुम्ही अर्डिसला ओळखता. हॅरॉल्ड गेल्यावर तिचा आठवडा शनिवारी सुरू व्हायचा आणि शनिवारीच संपायचा.

इकडे गाव काय करत होतं? रविवारी सकाळच्या मिस्साला बातमी अशी होती की त्याने दार उघडलं. जेवणाच्या वेळेपर्यंत त्याने आत बोलावलं होतं. अंधार पडेपर्यंत मुली दोन झाल्या होत्या. लायलच्या दुकानामागे काही मंडळी जमली. ती तिथे पशुखाद्य घ्यायला जमली नव्हती, एवढंच म्हणते. नावं घेत नाही, त्यातले निम्मे आज टाळ्या वाजवायला आले आहेत.

जोलीनने दुसरी सभा बोलावली. या वेळी आधी स्वयंपाकघरात आली आणि आम्हाला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. मी म्हटलं, “अगं, कॉफी थंड होईल.” ती म्हणाली, “होऊ दे.” या हॉलच्या इतिहासात थंड कॉफी पहिल्यांदाच वाढली गेली. पाहुण्यांनी ती प्यायली आणि ‘छान आहे’ म्हणाले.

मग तिने जसं घडलं तसं सांगितलं. म्हणाली, “अर्डिसची यात चूक नाही. चूक माझी आहे. मी हॉलला सांगितलं आणि गावाला सांगितलं असं समजले.” अधिकारी माणूस माइकवर असं बोलतो, हे आम्ही तोवर ऐकलं नव्हतं.

लायल उठला. “ते सगळं ठीक आहे, जोलीन. पण त्याला इथून हाकला ना.”

“कुठे?”

“कुठेही.”

“गावाचं नाव सांग, लायल. मी त्यांना आधी फोन करते. कुणाची नात राहते तिथे, तेही सांग.”

लायलने खूप विचार केला आणि म्हणाला, “आयोवा.”

शेजारचं राज्य आहे, त्यांना आपण काहीही देऊ करतो. हॉल इतका हसला की फादरांचा चष्मा पडला. जोलीन म्हणाली, “माझी बहीण आयोवात राहते.” हसू थांबलं. मग ती सावकाश बोलली. “आज मला त्याचं दार माहीत आहे आणि तुम्हाला त्याचा चेहरा. तुम्ही त्याला पळवलात, तर तो जिथे जाईल तिथे कुणाला काहीच माहीत नसेल. मलाही नसेल.”

मागून कुणीतरी विचारलं, “म्हणजे तो भला माणूस आहे, असं म्हणायचं आहे का तुम्हाला?”

“नाही. त्या शनिवारी त्याने नियम पाळला, एवढंच मी म्हणते. सोमवारी मी पुन्हा बघणार. मंगळवारीही बघणार. आणि ज्या मुलींना त्याने दुखावलं, त्यांच्यासाठी त्या शनिवारने काहीही बदललेलं नाही. हे कुणी विसरू नका, मीही विसरत नाही.”

मंडळी घरी गेली. दुकानामागे त्या रात्री कुणी जमलं नाही. आणि त्या दिवसापासून जोलीनची नवी पद्धत सुरू झाली: सभा संपली की ती विचारते, घरी ज्याला सांगणारं कुणी नाही, असं कोण कोण आहे? मग विधवा, विधुर, रात्रपाळीचे, ऐकू कमी येणारे, सगळ्यांच्या दारात जाऊन, बसून, पुन्हा पहिल्यापासून सांगते.

पण केंड्रा सभेला आली नव्हती. जोलीन मला म्हणाली, “मार्लिस, चल माझ्याबरोबर. तुझ्या लिंबाच्या वड्या आण. नुसत्या पोलिसाला ती दार उघडणार नाही.” म्हणून केंड्राच्या टेबलाशी मी होते. वड्यांची राखणदार म्हणून.

केंड्राने दार उघडलं, वड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. “तिला माहीत नव्हतं, हे मला पटतं,” ती म्हणाली. “पण तिने माझ्या मुलीला त्या दारापर्यंत नेलं. मी डोळे मिटले की तो जिना दिसतो मला.”

“मलाही दिसतो,” जोलीन म्हणाली.

तिने अर्डिसची वकिली केली नाही. मला वाटलं होतं करेल. ती फक्त म्हणाली, “ब्रिटाशी बोलू का? तुझ्यासमोरच.”

ब्रिटा येऊन बसली. जोलीनने तिला सरळ शब्दांत सांगितलं. काही मोठी माणसं मुलांना दुखावतात. त्या माणसाने पूर्वी दुखावलं होतं. म्हणून त्याने मुलांपासून लांब राहायचं आहे, आणि आपण त्याच्यापासून. “तुझी काही चूक झाली नाही. आजीचीही नाही. आता मला सांग, कुठल्याही मोठ्या माणसाने, ओळखीच्या असो की बिनओळखीच्या, तुला नको वाटेल असं काही केलं, तर तू पहिल्यांदा कुणाला सांगशील?”

केंड्राने खुर्ची जरा पुढे ओढली.

“आजीला,” ब्रिटा म्हणाली.

मी वडीकडे बघितलं. जोलीनने विचारलं, “का बरं?”

“कारण आई आधी ओरडते आणि मग ऐकते. आजी ऐकते आणि मग बरं म्हणते. मग आम्ही दोघींनी आईला सांगितलं असतं.”

मी सांगितलं ना, गप्प राहण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. तिने एक वडी घेतली, शांतपणे खाल्ली, केंड्राला म्हणाली, “तुझ्या मुलीला सांगायला माणूस आहे. पुष्कळ मुलींना नसतो.” आणि आम्ही निघालो. गाडीत मी म्हटलं, “अगं, अर्डिसला एकदा माफ कर असं तरी म्हणायचंस.” ती म्हणाली, “ते सांगायचं काम माझं नाही.”

थंडी मोठी होती यंदा. अर्डिस दर शनिवारी केंड्राच्या घरी जायची आणि ब्रिटाशी पत्ते खेळायची, आणि केंड्रा समोर बसून कपड्यांच्या घड्या घालायची. इतके कपडे त्या घरात कुठून येत होते देव जाणे. लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, केंड्रा घड्या घालायला शेजारच्या खोलीत जाऊ लागली. बर्फ वितळायला लागल्यावर एकदा अंगण झाडायला गेली आणि बराच वेळ आली नाही. अर्डिस मला फोनवर म्हणाली, “आज अंगण फारच घाण असावं.”

आणि परवा, बुधवारी, अर्डिस माझ्याकडे आजच्या वड्या कापायला आली होती, तेव्हा तिचा फोन वाजला. केंड्रा. तिचा आवाज मोठा आहे, मला सगळं ऐकू येत होतं. “अर्डिस, शनिवारी माझी पाळी आहे. ब्रिटाला पोहायला तुम्ही न्याल का?”

आता आपल्याकडे कुणी काही विचारलं की काय करतात? पहिल्यांदा ‘नको, नको’. दुसऱ्यांदा ‘उगीच तुम्हाला त्रास’. तिसऱ्यांदा विचारलं की मग ‘बरं, तुम्ही म्हणताच आहात तर’. हे सगळं आपण आईच्या दुधाबरोबर प्यायलो आहोत. पण केंड्राला ॲरिझोनात हे कुणी शिकवलेलं नाही. तिला ‘नको’ म्हटलं की ती ‘नको’ समजते आणि फोन ठेवते. मी सुरी हातात धरून उभी, आणि मनात म्हणत होते, अर्डिस, आयुष्यात एकदा तरी.

अर्डिस पहिल्याच फटक्यात म्हणाली, “हो.”

आणि माझ्याकडे बघितलं, जणू दुसऱ्याच कुणी तिच्या तोंडून उत्तर दिलं.

जोलीन, तुला हे कळवायचं राहिलं होतं, म्हणून इथे उभी राहिले. तू सुटलेल्या माणसांच्या बातम्या आणत आलीस. ही एक आमच्याकडून तुला. गावातर्फे, आणि गावातच मोडणाऱ्या स्वयंपाकघरातर्फे, मी तुझे आभार मानते. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघूनही मला थांबवलं नाही, फादरांनी ल्युथरन बाईच्या सत्कारासाठी हॉल फुकट दिला, आणि रॉजरने इतकी वर्षं गार जेवण खाल्लं, त्यांचेही आभार. बोलता बोलता कुणाचं नाव गळलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्या. लायल, हे विशेष तुझ्यासाठी. कॉफी गरम आहे. फक्त अर्डिसला आधी वाढा आणि गप्पांत अडकवू नका. उद्या शनिवार आहे, तिला लवकर उठायचं आहे.